तर्कशास्त्रज्ञाचे अश्रू

जॉन स्टुअर्ट मिल हा गृहस्थ आपल्याला प्रथम भेटतो तो तर्कशास्त्राच्या तासाला. अन्वयपद्धती, व्यतिरेकपद्धती, सहचारी परिवर्तनाची पद्धती, अवशेषपद्धती! फळ्यावर अ-ब-क आणि य-र-ल यांच्या जोड्या मांडल्या जातात आणि मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. पुढे राज्यशास्त्र घेणाऱ्यांना तो व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता म्हणून भेटतो, अर्थशास्त्र घेणाऱ्यांना एका जाडजूड ग्रंथाचा कर्ता म्हणून. कुठेही भेटला तरी चेहरा तोच. उंच कपाळ, टक्कल, घट्ट मिटलेले ओठ. या चेहऱ्याच्या माणसाला विसाव्या वर्षी जगणे नकोसे झाले होते, एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना त्याच्या डोळ्यांना पाणी आले होते आणि पुढे कवितांच्या दोन खंडांनी त्याला पुन्हा माणसांत आणले, हे आपल्या क्रमिक पुस्तकांत कुठे येत नाही.

मलाही ते कळले ते योगायोगाने. दोन वर्षांपूर्वी आमचे आजोबा गेले. घरातले सगळे रडले, मी रडले नाही. दहाव्या-बाराव्याला आलेल्या बायका आईला म्हणाल्या, पोरगी मोठी धीराची. धीरबीर काही नव्हते. आत काही हलतच नव्हते. पुढे कितीतरी महिने जेवण, कॉलेज, परीक्षा सगळे यथास्थित चालले होते आणि त्यातल्या कशाचीच चव लागत नव्हती. त्या दिवसांत एकदा वर्गात मी मिलबद्दल काहीतरी कुत्सित बोलले. सर रागावले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी ग्रंथालयातून मिलचे आत्मचरित्र काढून माझ्या हातात ठेवले आणि पाचवे प्रकरण आधी वाच म्हणाले. हा लेख त्या प्रकरणामुळे लिहीत आहे. पण त्या प्रकरणाचा अर्थ लागायला आधीची चार माहीत असावी लागतात.

मिलचा जन्म लंडनमधल्या पेंटनव्हिल भागात २० मे १८०६ रोजी झाला. नऊ भावंडांत हा थोरला. वडील जेम्स मिल हे स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातल्या चांभाराचे चिरंजीव. विद्वत्तेच्या आणि लेखणीच्या बळावर लंडनला येऊन संसार चालवणारे, करारी. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता त्यांनी हिंदुस्थानचा प्रचंड इतिहास लिहिला आणि त्या इतिहासाच्या जोरावर १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी मिळवली! तो इतिहास लिहीत असतानाच, त्याच टेबलाशी, त्यांनी मुलालाही घडवायला घेतले. त्या काळी इंग्रजी अर्थ देणारा ग्रीक कोश मुलाच्या हाती नव्हता. अडलेला प्रत्येक शब्द तो वडिलांना विचारी आणि एरवी तापट असलेला तो माणूस दर वेळी लेखणी थांबवून अर्थ सांगे. इतिहासाचे खंड असे अडखळत पुरे झाले. जेम्स मिलविषयी मला जो थोडा जिव्हाळा वाटतो तो एवढ्यापुरता.

तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. लॅटिन स्वतः शिकता शिकता धाकट्या बहिणीलाही शिकवायचे, आणि तिचा धडा चुकला तर जबाबदार हा. पहाटे न्याहारीपूर्वी वडिलांबरोबर फिरायला जायचे आणि आदल्या दिवशी काय वाचले ते, कागदाच्या चिठ्ठ्यांवर टिपून ठेवलेले, चालता चालता सांगायचे. सुट्टी नाही. बरोबरीच्या मुलांशी खेळ नाही, कारण त्यांच्या संगतीने विचार हलके होतील अशी धास्ती. विचार करून जे सापडू शकेल ते वडील कधी आयते सांगत नसत. आपण इतरांहून काही वेगळे आहोत हेही मुलाला ठाऊक नव्हते. चौदाव्या वर्षी तो फ्रान्सला निघाला तेव्हा हाइड पार्कमध्ये फिरताना वडिलांनी त्याला ते प्रथम सांगितले, आणि त्याचे श्रेय त्याचे नसून त्याला लाभलेल्या बापाचे आहे हेही लगोलग सांगून टाकले.

कवितेचे काय? कविताही अभ्यासात होती. वडिलांच्या हुकुमावरून मुलगा पद्य रचीत असे. होमरच्या महाकाव्याला पुरवणी जोडण्याचाही त्याने घाट घातला होता. पण कारण ऐकण्यासारखे आहे. काही गोष्टी पद्यात अधिक ठसतात, हे एक. आणि लोक पद्याला त्याच्या योग्यतेपेक्षा जास्त किंमत देतात, तेव्हा ही कला अंगी असलेली बरी, हे दुसरे. म्हणजे व्यवहारात उपयोगी पडणारे एक हत्यार. भावनेच्या उमाळ्याविषयी जेम्स मिल यांना तिरस्कारच होता. तो त्यांना वेडाचाच एक प्रकार वाटे. घराशेजारी राहणारे कुटुंबाचे गुरू जेरेमी बेंथॅम त्याहून पुढे गेलेले. मुलांचा एखादा क्षुल्लक खेळ आणि काव्य, दोहोंपासून सुख सारखेच मिळत असेल तर दोहोंची किंमत सारखीच, असे त्यांचे गणित होते. आणि आई? नऊ मुलांची ती आई मिलच्या छापील आत्मचरित्रात कुठेच नाही. शेकडो पानांत तिच्याविषयी एक वाक्य नसावे, हे वाचताना मला वडिलांच्या कडकपणापेक्षाही जास्त खुपले.

फ्रान्समध्ये मिल बेंथॅम यांच्या भावाच्या कुटुंबात वर्षभर राहिला. पिरेनीज पर्वत त्याने तिथे पाहिला. त्या डोंगरांचे ऋण पुढे उपयोगी पडायचे होते. परत आल्यावर बेंथॅम यांचा कायदेविषयक ग्रंथ वाचून त्याला जीवितकार्य सापडले. जगाची सुधारणा करायची, अधिकांत अधिक लोकांचे अधिकांत अधिक सुख साधायचे. १८२३ साली, सतराव्या वर्षी, लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाऊसमध्ये वडिलांच्या हाताखाली तो कारकून झाला. हिंदुस्थानातल्या सरकारांकडे जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे लिहिणे हे काम. ही नोकरी त्याने पस्तीस वर्षे केली. आठवड्यातून दोनदा सकाळी मित्रांबरोबर अर्थशास्त्र-तर्कशास्त्राचे वाचन, मग कचेरी, संध्याकाळी वादविवाद मंडळ. याशिवाय बेंथॅम यांनी पुराव्याच्या कायद्यावर निरनिराळ्या वेळी तीनदा लिहिलेले हस्तलिखितांचे ढिगारे एकत्र करून त्यांचा एक सलग ग्रंथ करायचे काम याच्याकडे आले. तो ग्रंथ १८२७ साली पाच खंडांत प्रसिद्ध झाला. संपादकाचे वय एकवीस!

आणि त्याआधी, १८२६ च्या शरदात, ती गोष्ट घडली.

घडली म्हणायची, पण बाहेरून पाहणाऱ्याला दिसावे असे काहीच घडले नाही. कुणी गेले नाही, नोकरी सुटली नाही, प्रेमभंग नाही. मरगळलेल्या मनःस्थितीत त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला. ज्या सुधारणांसाठी आपण झटतो आहोत त्या सगळ्या या क्षणी पुऱ्या झाल्या, तर आपल्याला त्याचा आनंद होईल का? आतून स्पष्ट नकार आला. ज्या पायावर सगळे आयुष्य उभे होते तो पायाच खचला. एखादी रात्र चांगली झोप लागली की हे जाईल असे त्याला वाटले. झोप लागली, सकाळ झाली, आणि जागे होताच तेच दुःख उशाशी बसलेले. त्या हिवाळाभर तो खलिते लिहीत होता, मंडळात भाषणेही करीत होता. भाषणे बरी होत असावीत. किल्ली दिलेले यंत्र चालावे तसा तो चालत होता.

सांगायचे कुणाला? मित्र होते, पण ते मतांचे मित्र होते. वडिलांना सांगणे तर सर्वांत अशक्य. ज्यांनी हे मन घडवले त्यांना, तुमची घडण चुकली, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आज असे काही झाले तर डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, आणि त्यांच्याकडे जावेच. वेळेवर जावे. १८२६ साली त्या वीस वर्षांच्या मुलाला ती सोय नव्हती. अशा स्थितीत आपण वर्षभरापेक्षा अधिक काळ तग धरू शकणार नाही असा हिशेबही त्याने मनाशी केला होता.

स्वतःच्या दुखण्याचे निदान मात्र त्याने चोख केले. शेवटी तर्कशास्त्रज्ञच तो! वडिलांची शिकवण अशी की आपल्या आवडीनिवडी साहचर्यातून बनतात. एका गोष्टीला सुखाची आठवण चिकटवली की ती गोष्ट प्रिय होते. परोपकाराला सुख चिकटवा, म्हणजे मूल परोपकारी होईल. ठीक. पण त्याच मुलाला तुम्ही पृथक्करणाची सवय लावता, म्हणजे जोडलेली प्रत्येक गोष्ट सुटी करून पाहायला शिकवता. तशा मुलाच्या हातून सुखाचे हे कृत्रिम टाके उसवणार नाहीत तर काय? बुद्धी तेवढी धारदार झाली आणि जिच्या जोरावर जगायचे ती इच्छा वाळून गेली. उत्तम नाव, उत्तम सुकाणू, आणि शिडात वारा नाही, अशी त्याची अवस्था.

संगीताचा त्याला पहिल्यापासून नाद होता. पुढे दुखण्याला उतार पडू लागल्यावर वेबरचे ‘ओबेरॉन’ ऐकून त्याला बरेही वाटले. पण लगेच नवी चिंता! सप्तकात पाच पूर्ण स्वर आणि दोन अर्धस्वर. त्यांच्या जुळण्या होऊन होऊन किती होणार? त्यांतल्या सुंदर किती? त्या बहुतेक संपल्याच असतील, मग पुढच्या मोझार्टांनी काय करायचे? हे वाचून मी मोठ्याने हसले, आणि लगेच ओशाळले. दुखऱ्या मनाला चिंतेसाठी विषय कधी कमी पडत नाही, हे मला चांगले ठाऊक होते.

अर्धे वर्ष असे गेले. मग एक दिवस तो मार्माँतेल या अठराव्या शतकातल्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचीत होता. त्यात वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग आहे. घरावर आकाश कोसळले आहे, आणि लहानग्या मार्माँतेलला एकाएकी वाटते, की आपण या सर्वांचे सर्व काही होऊ, जे गेले त्यांची जागा भरून काढू, आणि तो तसे घरच्यांना पटवूनही देतो. एवढाच प्रसंग. तो मिलच्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. त्या क्षणापासून ओझे हलके झाले. आपण दगड झालेलो नाही, आत अजून ओल आहे, हे कळले तेच पुरे होते. पुढल्या काळात सूर्यप्रकाश, आकाश, पुस्तके, गप्पा यांत थोडी थोडी गोडी वाटू लागली. दुखणे पुढेही उलटले, काही वेळा महिनोन्‌महिने टिकले, पण पहिल्याइतके खोल पुन्हा कधी गेले नाही.

विसाव्या शतकातल्या मनोविश्लेषणवाद्यांनी या प्रसंगाचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. बापाच्या मरणाच्या वर्णनाने मुलगा मोकळा झाला, म्हणजे बापाचे मरण त्याला मनोमन हवे होते, असा. असेलही. मला मात्र त्या पानातला मुलगा दिसतो, जो दुःखात असूनही कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहे, आणि ज्याला घरचे जवळ घेताहेत. मिलला ज्ञान पुष्कळ मिळाले होते, हे कधी मिळाले नव्हते.

ते पान वाचून मीही रडले असे लिहिले तर ते खोटे होईल. मी पुस्तक मिटून ठेवले. रात्री झोप येईना म्हणून तर्कशास्त्राचीच वही उलटी करून मागच्या कोऱ्या पानावर आजोबांच्या चष्म्याविषयी लिहू लागले. त्याची एक काडी त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने बांधली होती आणि दोरा मळला की नवा बांधीत. तिसऱ्या-चौथ्या ओळीला शाई पसरली. तेवढे सांगून मी पुन्हा मिलकडे वळते.

कविता त्याच्या आयुष्यात आली ती १८२८ च्या शरदात. त्यापूर्वी अगदी पडत्या काळात त्याने बायरन सगळा वाचून काढला होता. उपयोग शून्य! बायरनचे नायक याच्यासारखेच सगळ्याला विटलेले. स्वतःचीच कण्हण दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कुणाला उतार पडतो? वर्ड्‌स्वर्थचे एक दीर्घकाव्यही त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी चाळले होते आणि त्यात काही सापडले नव्हते. या खेपेला १८१५ साली निघालेले स्फुट कवितांचे दोन खंड त्याने उघडले, तेही मोठ्या आशेने नव्हे, कुतूहल म्हणून. आणि जे हवे होते तेच नेमके हाती आले.

असे काय होते त्यांत? पहिली गोष्ट डोंगर, पाणी, खेड्यातला प्रकाश. पिरेनीज पाहिल्यापासून डोंगर हे मिलचे निसर्गसौंदर्याचे दैवत झाले होते आणि वर्ड्‌स्वर्थ तर इंग्लंडच्या डोंगराळ सरोवरप्रदेशातला. पण नुसती निसर्गचित्रे म्हटली तर ती स्कॉटनेही काढली आहेत, आणि एखादे मामुली चित्रही ते काम करील, हे मिल स्वतःच कबूल करतो. त्याला औषध ठरले ते निराळे. त्या कवितांत देखाव्याबरोबर तो पाहताना मनात उठलेली भावना होती आणि त्या भावनेने रंगलेला विचार होता. ज्याला विचार आणि भावना या दोन वेगळ्या खोल्या म्हणून शिकवल्या गेल्या, त्याला इथे मधले दार उघडे दिसले. शिवाय हा आनंद असा की त्यासाठी कुणाशी झुंजावे लागत नाही, कुणाचे हिरावून घ्यावे लागत नाही. तो साऱ्या माणसांत वाटता येतो, आणि जग सुधारले तर वाढतच जातो. सगळ्या सुधारणा पुऱ्या झाल्यावर उरेल काय, हा त्या काळ्या शरदातला प्रश्न होता. त्याला इथे उत्तर होते. हे उरेल. पृथक्करणाची सवय कितीही जडलेली असली तरी या आनंदाचा टाका उसवत नाही, हे त्याने स्वतःवर पडताळून पाहिले. हीसुद्धा एक अन्वयपद्धतीच म्हणायची!

त्या खंडांच्या शेवटी बालपणीच्या स्मृतींतून अमरत्वाचा वेध घेणारी कवीची ती प्रसिद्ध दीर्घ कविता होती. तिच्यातले तत्त्वज्ञान मिलला मुळीच पटले नाही. ते तो साफ टाकाऊ ठरवतो. पण कवीचा अनुभव पटला. लहानपणीचा तो टवटवीत उजेड याही माणसाचा विझला होता, त्यानेही भरपाई शोधली होती, आणि ज्या वाटेने ती सापडली तीच वाट तो आता दुसऱ्याला दाखवत होता. आपल्या आधी कुणीतरी इथून चालत गेले आहे! दुखणाईताला यापरते आश्वासन नाही. म्हणून बायरनच्या काळोखाने जे साधले नाही ते वर्ड्‌स्वर्थने साधले. त्याने काळोख नाकारला नाही, आणि तो तिथे थांबलाही नाही.

मिलचा आणखी एक प्रांजळपणा मला आवडतो. वर्ड्‌स्वर्थपेक्षा मोठे कवी झाले आहेत, पण त्या वेळी मला त्यांच्याहून खोल, उंच काव्याचा उपयोग झाला नसता, असे तो सरळ सांगतो. मुळात रसिक नसलेल्या, शांत, चिंतनशील प्रकृतीच्या माणसांना रसिकतेची दीक्षा देणारा कवी, अशी त्याने वर्ड्‌स्वर्थची किंमत केली. थोर कोण हा समीक्षकांचा प्रश्न झाला. आपल्याला या क्षणी कोण लागू पडतो हा वाचकाचा.

१८२९ साली वादविवाद मंडळात बायरन विरुद्ध वर्ड्‌स्वर्थ असा सामना दोन संध्याकाळी रंगला. बायरनच्या बाजूने उभा राहिला तो मिलचा जवळचा मित्र जॉन आर्थर रोबक. हा जन्माने मद्रासचा. रोबकला संगीत-चित्र-काव्य यांची उत्तम जाण, पण भावना जोपासणे म्हणजे भ्रम जोपासणे, असे त्याचे मत. मिलचे उत्तर असे, की मावळतीचा ढग म्हणजे पाण्याची वाफ आणि ती वाफेचे सगळे नियम पाळते, हे पुरते माहीत असूनही त्या ढगाचे रंग पाहून मन भरून यायला कोणती आडकाठी आहे? दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. या वादापासून दोघांची मैत्री विरत गेली. पण दुसरी जुळली. जॉन स्टर्लिंग नावाचा तरुण, आजवर मिलकडे ठोकून-ठाकून बनवलेला माणूस म्हणून पाहत होता. वर्ड्‌स्वर्थ हा याचाही आहे हे कळताच तो मित्र झाला. त्याने हे मिलला पुढे सांगूनही टाकले.

१८३१ च्या उन्हाळ्यात मिल पायी हिंडत सरोवरप्रदेशात गेला आणि वर्ड्‌स्वर्थला भेटला. त्या प्रवासाची रोजनिशी त्याने ठेवली. १८३३ साली काव्याच्या स्वरूपावर त्याने दोन निबंध लिहिले. वक्तृत्व हे श्रोत्यांसाठी असते, तर कविता म्हणजे एकांतात चाललेले स्वतःशी बोलणे, जे आपल्या कानी जणू चोरून पडते, अशी काहीशी त्यातली कल्पना आहे. समीक्षकांनी तिच्यात उणिवा दाखवल्या आहेत. नाटकातले काव्य या चौकटीत बसवताना ओढाताण होते, हे खरेच. परंतु ज्याने सहा महिने कुणाशीही बोलता न येता काढले, त्याला कविता ही अशीच भेटली असणार. १८३८ साली बेंथॅमवर लिहिताना त्याने गुरूच्या थोरवीला कमीपणा न आणता स्पष्ट सांगितले, की या माणसाला खिन्नता कधी कळलीच नाही, त्यामुळे माणसाच्या मनाचा अर्धा भाग त्याला अज्ञात राहिला. शिष्याने गुरूवर केलेली इतकी शांत टीका विरळाच.

पुढचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा भराभर सांगते. १८३६ साली वडील वारले. मिल आजारी पडला. डोळा लवण्याची व्यथा त्याला जन्मभराची जडली. १८४३ साली आपल्या पाठ्यपुस्तकातला तो तर्कशास्त्राचा ग्रंथ, १८४८ साली अर्थशास्त्राचा. १८३० पासूनची स्नेही हॅरिएट टेलर हिच्याशी, ती विधवा झाल्यावर, १८५१ साली विवाह. १८५९ साली स्वातंत्र्यावरचा ग्रंथ. त्यातली तत्त्वे आपल्यासारख्या देशांना लागू नाहीत असे त्याने त्याच ग्रंथात ठरवून टाकले, आणि संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे त्याच्याच टेबलावरून जात होता! हे विसरून त्याची आरती करण्याचे कारण नाही. तरीही त्याच पुस्तकांनी इकडे बुद्धिवाद्यांची पिढी घडवली. आगरकरांवरचा मिल-स्पेन्सरचा ठसा प्रसिद्धच आहे. आणि त्या आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर करून त्याला नाव दिले ते ‘विकारविलसित’. कोरडा म्हणून ज्याची टर उडवावी असा बुद्धिवादी मला अजून भेटायचा आहे.

आत्मचरित्र लिहायला मिलने घेतले ते १८५३-५४ च्या सुमारास. त्याला आणि हॅरिएटलाही क्षयाने गाठले होते, आणि आपण फार दिवसांचे सोबती नाही अशी दोघांची समजूत झाली होती. त्याच वेळी, १८५४ च्या जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, रोज निदान एक तरी विचार लिहून ठेवायचा असा नेम त्याने पाळला. मृत्यूची चाहूल लागली तेव्हा या माणसाने वही उघडली. सत्तावीस वर्षांपूर्वीचे जे दुखणे बापाला सांगता आले नव्हते ते त्याने आता, कसलाही आक्रोश न करता, कागदावर उतरवले. तेच ते पाचवे प्रकरण. सुखाचा थेट पाठलाग केला की ते निसटते, दुसऱ्या कशावर तरी मन जडवावे म्हणजे ते वाटेत भेटते, आणि विचारशक्तीइतकीच भावनेचीही मशागत करावी लागते, हे दोन धडे त्या हिवाळ्याने आपल्याला दिले असे त्याने तिथे नोंदवले आहे.

तो त्या दुखण्यातून वाचला. हॅरिएट मात्र १८५८ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे वारली. मिलने तिथल्या स्मशानाजवळच घर घेतले आणि दर वर्षी तो तिथे जाऊन राहू लागला. १८६५ ते १८६८ तो पार्लमेंटचा सभासद होता, स्त्रियांच्या मताधिकारासाठी भांडला. याच काळात, १ फेब्रुवारी १८६७ रोजी, सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचा रेक्टर म्हणून विद्यार्थ्यांपुढे त्याने एक अतिदीर्घ भाषण केले. बुद्धीचे शिक्षण आणि नीतीचे शिक्षण यांच्या जोडीला काव्य-कलांचे शिक्षण हे तिसरे अंग त्यात त्याने मांडले. ते उरलेल्या दोघांच्या मागून येते, पण त्यावाचून माणूस अपुरा राहतो, असे त्याचे म्हणणे. समोर बसलेल्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की वक्ता हे ग्रंथ वाचून बोलत नाही?

अखेरच्या वर्षांत त्याला वनस्पती गोळा करण्याचा छंद होता. आव्हिन्योंला त्याचा सोबती होता कीटकांचा प्रसिद्ध अभ्यासक फाब्र. १८७३ च्या मेच्या सुरुवातीस दोघे रानात फुले-पाने जमवीत पुष्कळ हिंडले. त्यानंतर चार दिवसांत, ७ मे रोजी, मिल विसर्पाच्या तापाने गेला. हॅरिएटच्या शेजारी त्याला पुरले. त्याच वर्षी तिच्या मुलीने, हेलेन टेलरने, आत्मचरित्र छापून काढले.

आपल्या ग्रंथालयातली प्रत मी गेल्या आठवड्यात परत केली आहे. बांधणी सैल झाली आहे, जरा जपून हाताळावी. पाचव्या प्रकरणात मार्माँतेलच्या पानाशी कुणीतरी फार पूर्वी पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवलेली आहे. ती माझी नाही. मी ती पुसलीही नाही.